घरच्या संगणकाला वॉटर कूलिंग बसवताना: विदर्भाचा उन्हाळा लक्षात घेऊन केलेले मार्गदर्शन

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावात मी लग्नाचे व्हिडिओ संपादित करून देण्याचे काम करतो. या कामाची अडचण अशी, की लग्नसराई आणि उन्हाळा हातात हात घालून येतात. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत संगणकाला सलग चार-चार तास रेंडरिंग (संपादित व्हिडिओची अंतिम फाईल तयार करण्याचे काम) करावे लागते. तीन-चार वर्षांपूर्वी माझा संगणक दुपारी बारानंतर इतका मंदावत असे, की सकाळी चाळीस मिनिटांत तयार होणाऱ्या फाईलला दुपारी सव्वा तास लागे. म्हणून मी वॉटर कूलिंगकडे वळलो. मात्र पुरेशी माहिती न घेता खरेदी केल्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात खर्च होऊनही निम्माच फायदा मिळाला. खेड्यात राहून हे काम करू इच्छिणाऱ्यांची ती ओढाताण वाचावी, यासाठी मी केलेल्या चुकांसह सर्व पायऱ्या येथे क्रमाने देत आहे.

१. वॉटर कूलिंग म्हणजे घरातला कूलर नव्हे, हे आधी समजून घ्या

‘पाण्याने थंड होणारा संगणक’ असे म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा खिडकीतला कूलर डोळ्यांसमोर येतो, आणि सगळा गैरसमज तेथूनच सुरू होतो. कूलरच्या ताट्यांवरचे पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि उडताना हवेतली उष्णता शोषून घेते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. त्यामुळे माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा थंड असू शकते. संगणकाच्या वॉटर कूलिंगमध्ये पाणी पूर्णपणे बंद नळ्यांतून फिरते व त्यातले काहीही उडून जाणे अपेक्षित नसते. त्यामुळे ते खोलीच्या तापमानापेक्षा खाली जाऊच शकत नाही.

याची खरी तुलना ट्रॅक्टरच्या इंजिनाशी करता येते. इंजिनात तापलेले पाणी पंपाने रेडिएटरकडे जाते, पंख्याची हवा त्याची उष्णता काढून घेते आणि निवलेले पाणी पुन्हा इंजिनात येते. संगणकात इंजिनाच्या जागी प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, असते. त्याच्यावर तांब्याची एक तबकडी घट्ट बसवलेली असते. तबकडीच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक खाचा कोरलेल्या असतात आणि त्या खाचांतून द्रव वाहतो. पुढे नळ्या, रेडिएटर, पंखे आणि पंप ही सगळी साखळी ट्रॅक्टरसारखीच असते.

पाण्याची निवड का होते, हे एका हिशेबावरून कळेल. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि प्रोसेसर २०० वॅट उष्णता देत असेल, तर तबकडीतून बाहेर पडताना ते पाणी जेमतेम ३ अंशांनी तापलेले असते. एवढी उष्णता अंगावर घेऊनही पाणी फारसे तापत नाही आणि ती दूरच्या रेडिएटरपर्यंत सहज वाहून नेते. परंतु रेडिएटरमधून ती शेवटी खोलीतल्या हवेतच सोडली जाते, आणि आपल्या भागातील उन्हाळ्याचा खरा प्रश्न तेथे उभा राहतो.

२. खरेदीपूर्वी खोलीचे तापमान मोजा

संगणकाची खरेदी सुचवणारी बहुतेक माहिती २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेल्या चाचण्यांवर आधारलेली असते. आपली खोली तशी नसते. माझा संगणक तेव्हा टिनाच्या छपराखाली होता. मी भिंतीवरचा साधा थर्मामीटर आणून टेबलावर, संगणकाच्या हवा ओढण्याच्या बाजूला ठेवला आणि आठ दिवस वहीत नोंदी केल्या. सकाळी सात वाजता खोलीत ३१ अंश असत, तर दुपारी तीन वाजता ४३.

वॉटर कूलिंग बसवल्यानंतरही मी हीच वही चालू ठेवली आणि तिने जे शिकवले ते कोणत्याही दुकानदाराने सांगितले नव्हते. पूर्ण ताणाखाली सकाळी प्रोसेसर ८३ अंशांवर स्थिर राहत होता, तर दुपारी ९५ अंशांवर. दोन्ही वेळा खोली व प्रोसेसर यांच्यातला फरक ५२ अंशच होता. आपण पैसे मोजतो ते हा फरक कमी करण्यासाठी. खोलीचे तापमान त्यावर जसेच्या तसे चढते. पुढच्या वर्षी मी संगणक टिनाच्या खोलीतून जुन्या घराच्या मातीच्या जाड भिंतींच्या माजघरात हलवला. तेथे दुपारी ३५ अंशांच्या वर पारा जात नाही. एकही नवा सुटा भाग न घेता प्रोसेसर ८७ अंशांवर आला. ही जागाबदल मी आधी केली असती, तर कदाचित पहिल्या उन्हाळ्यात खरेदीची घाईच झाली नसती.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की शक्य असल्यास संगणक पश्चिमेची भिंत आणि टिनाचे छप्पर यांपासून दूर न्या. खोलीत कूलर चालवत असाल तर हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवा, कारण बंद खोलीत कूलरचा उपयोग थोड्याच वेळात संपतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर, म्हणजे संगणकाच्या पेटीवर, येऊ देऊ नका. आमचा भाग पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो आणि कूलरमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर क्षारही उडतात. माझ्या जुन्या मदरबोर्डवर (संगणकाचे सगळे भाग जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर) पंख्याच्या बाजूला पिठासारखा पांढरा थर चढला होता, तो बोटाने पुसल्यावर खारट लागेल इतका स्पष्ट होता.

३. गरज खरोखर आहे का, हे तपासा

तापमान दाखवणारा ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखा मोफत प्रोग्राम घ्या, तुमचे नेहमीचे जड काम अर्धा तास चालवा आणि प्रोसेसरचे सर्वाधिक तापमान पाहा. अलीकडच्या बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे, तर रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५. त्या मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर जळत नाही, तर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

मर्यादेच्या जवळ जात असल्यास आधी दोन स्वस्त उपाय करा. कॅबिनेट उघडून धूळ काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूला नीट पोहोचवणारा लेप) बदला. आमच्याकडे कापूस वेचून आणला की भाव येईपर्यंत घरातच साठवतात. त्याचे तंतू पंख्यातून आत जाऊन जुन्या हीटसिंकच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये इतके गच्च बसतात, की चिमट्याने ओढल्यावर वातीसारखी लांब पट्टी निघते. ती काढल्यावर काही संगणकांना दुसऱ्या कशाचीही गरज उरत नाही.

रायझन ५ ५६०० किंवा त्यासारखा ६५ वॅट श्रेणीतला प्रोसेसर असेल, तर दीड ते तीन हजार रुपयांचा चांगला एअर कूलर (खोलीतला नव्हे, तर प्रोसेसरवर बसणारा हीटसिंक व पंखा) पुरेसा आहे आणि मी तोच घ्या असे सांगेन. त्यात पंप नसतो, गळती नसते आणि बिघडलाच तर फक्त पंखा बदलावा लागतो. वॉटर कूलिंगचा विचार कोअर आय७-१४७००के किंवा आय९-१४९००के यांसारख्या प्रोसेसरांसाठी करावा, कारण त्यांची कमाल टर्बो वीज, म्हणजे पूर्ण वेगाने चालताना ओढली जाणारी वीज, २५३ वॅट इतकी आहे आणि ते तासन्‌तास पूर्ण ताणाखाली चालवायचे असतात.

४. तयार संच की स्वतः जोडलेला लूप

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला ‘एआयओ’ म्हणजे कारखान्यातच द्रव भरून बंद केलेला तयार संच, ज्यात पंप, तबकडी, नळ्या आणि रेडिएटर एकत्र जोडलेले येतात. दुसरा ‘कस्टम लूप’, ज्यात प्रत्येक भाग वेगळा घेऊन, नळ्या मापाने कापून, द्रव स्वतः भरावा लागतो.

नवशिक्याने तयार संचापासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २४० मिलिमीटरचा बरा संच साधारण पाच ते दहा हजार रुपयांत मिळतो आणि त्याला तीन ते सहा वर्षांची वॉरंटी असते. कस्टम लूपचा खर्च तीस हजारांच्या पुढे सहज जातो, आणि एखादे फिटिंग कमी पडले तर तालुक्याच्या गावी ते मिळत नाही. नागपूरहून किंवा कुरिअरने येईपर्यंत चार-पाच दिवस काम ठप्प होते. रंगीबेरंगी दिव्यांसाठी जास्त पैसे देऊ नका, त्याने एक अंशही कमी होत नाही.

५. मापे घ्या

रेडिएटरचे माप त्यावर बसणाऱ्या पंख्यांवरून सांगतात. १२० मिलिमीटरचे दोन पंखे म्हणजे २४० आणि तीन म्हणजे ३६०. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १२०चा संच घेऊ नये, कारण चांगला एअर कूलर त्याची बरोबरी करतो. जागा असल्यास २४०पेक्षा ३६० घ्या, कारण खोली तापलेली असताना रेडिएटरचे जास्तीचे क्षेत्रफळच कामाला येते.

फसगत होते ती जाडीत. रेडिएटर साधारण २७ मिलिमीटर जाड आणि त्यावरचा पंखा २५, म्हणजे एकूण ५२ मिलिमीटर जागा लागते. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डवरच्या सर्वांत उंच भागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. उंच हीटसिंक असलेल्या रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्ट्या येथे आड येतात. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘वर २४०’ असे छापलेले असले तरी स्वतः मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नका. तसेच प्रोसेसरचे सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसण्याची जागा) कोणते, म्हणजे एएम४, एएम५, एलजीए १७०० की एलजीए १८५१, हे पाहून त्यावर तबकडी बसवण्याची पट्टी संचात आहे याची खात्री करा.

६. खरेदी आणि जपून ठेवायची कागदपत्रे

खेड्यापर्यंत पार्सल अनेकदा येत नाही. पत्ता गावाचा दिला तरी फोन येतो, की तालुक्याला येऊन घेऊन जा. अशा वेळी घाईत खोके न पाहता सही करू नका. माझे पहिले पार्सल एका कोपऱ्यात दबलेले होते आणि आतल्या रेडिएटरची पाती वाकलेली होती. खोके उघडताना चित्रण केलेले नसल्याने ते बदलून घेण्यासाठी मला तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. आता मी खोक्याची सहाही अंगे आणि सील दिसेल अशा रीतीने, मध्ये न थांबवता, मोबाईलवर चित्रण करूनच खोके उघडतो.

जीएसटी क्रमांक असलेले बिल, वॉरंटी कार्ड, अनुक्रमांकाचे छायाचित्र आणि मूळ खोके आतल्या पुठ्ठ्याच्या साच्यासह, एवढे सगळे वॉरंटी संपेपर्यंत ठेवा. बिलाची शाई उन्हाळ्यात उडून जाते, म्हणून त्याच दिवशी त्याचा फोटो काढा. अनुक्रमांकाचे लेबल बहुधा रेडिएटरवर असते आणि एकदा तो बसला की ते दिसत नाही. वॉरंटीच्या कामात गावाच्या अंतराचा विचार आधीच करा आणि सेवा केंद्र नागपूर किंवा अमरावतीला आहे की सामान थेट मुंबईला पाठवावे लागते, हे विकत घेण्यापूर्वी विचारा.

७. लागणारी साधने

• चुंबकीय टोकाचा मध्यम फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर
• थर्मल पेस्टची छोटी सिरिंज (संचात पेस्ट लावलेली असली तरी हाताशी हवी)
• आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे मऊ कापड
• केबल बांधण्याच्या पट्ट्या व छोटी कात्री
• स्क्रू वेगवेगळे ठेवण्यासाठी चार वाट्या
• उजेडासाठी बॅटरी, कारण काम अर्ध्यावर असताना वीज जाऊ शकते

जुनी पेस्ट पुसायला रॉकेल किंवा थिनर वापरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या दुकानात मिळते, मात्र सुगंध व तेल मिसळलेला सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही.

८. बसवण्याचा क्रम

काम सकाळी करा. घामाचा थेंब मदरबोर्डवर पडणे ही विदर्भात कल्पनेतली भीती नाही. वीजपुरवठा बंद करून तार काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

जुना कूलर काढताना एक मोठा धोका आहे. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर कूलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून तार काढण्याआधीच संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून, तार काढून कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सैल करा आणि नंतरच उचला.

त्यानंतर मागची आधारपट्टी बसवा. एलजीए १७००साठी ती बहुधा संचाबरोबर येते, तर एएम४ आणि एएम५साठी मदरबोर्डचीच मूळ पट्टी वापरायची असते, म्हणून ती काढून टाकू नका.

आता रेडिएटरला पंखे जोडा. पंख्याच्या ज्या बाजूला पात्यांना आधार देणाऱ्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. संचात दोन लांबीचे स्क्रू असतात. लांब स्क्रू पंख्यातून आरपार जाऊन रेडिएटरला धरतात, आखूड स्क्रू रेडिएटर थेट कॅबिनेटला जोडतात. आखूडच्या जागी लांब लावला तर त्याचे टोक रेडिएटरच्या आतल्या द्रवाच्या नळीत घुसते आणि संच कायमचा बाद होतो. मी चार वाट्या सांगितल्या त्या याचसाठी.

रेडिएटर कोठे बसवावा, याला पंपाच्या आयुष्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त महत्त्व आहे. कारखान्यात भरलेल्या संचातही थोडी हवा असते, आणि पुढे नळ्यांतून द्रवाचा अंश हळूहळू उडून गेल्याने ती वाढत जाते. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते. ती जागा पंप (बहुतेक तयार संचांत तो तबकडीवरच असतो) असेल, तर पंप हवेत फिरतो, खरखरतो आणि लवकर मरतो. म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच असलेच पाहिजे. छताला बसवणे उत्तम. पुढच्या बाजूला बसवायचा असेल तर नळ्या खालच्या अंगाला ठेवाव्यात, म्हणजे हवा वरच्या टाकीत अडकून राहते. कॅबिनेटच्या तळाला, पंपाच्या खाली, रेडिएटर कधीही बसवू नका.

छताला बसवलेल्या रेडिएटरचे पंखे हवा वर बाहेर टाकतील असे लावा. पुढच्या बाजूने बाहेरची हवा रेडिएटरमधून आत घेतल्यास प्रोसेसर थोडा अधिक थंड राहतो, पण तीच तापलेली हवा ग्राफिक्स कार्डावर (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागावर) जाते. व्हिडिओच्या कामात ग्राफिक्स कार्डही राबत असल्याने मी छतच निवडले.

शेवटी तबकडी. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते, ती काढायला विसरणे ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे. आधीच पेस्ट लावलेली नसेल तर प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा, बोटाने पसरवू नका. चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने, प्रत्येक वेळी दोन-दोन वेढे देत आवळा. ट्रॅक्टरच्या चाकाचे बोल्ट जसे आलटून-पालटून आवळतात, तसेच येथेही करायचे. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर तबकडी तिरपी बसते.

पंपाची तार मदरबोर्डवरच्या पंपासाठीच्या जोडणीला आणि रेडिएटरच्या पंख्यांची तार ‘सीपीयू फॅन’ जोडणीला लावा. ती जोडणी रिकामी राहिली तर संगणक सुरू होताना पंखा नसल्याची सूचना देऊन थांबतो आणि नवशिक्याला वाटते की काहीतरी बिघडले. काही पंपांना पॉवर सप्लायमधून येणारी वेगळी, ‘साटा’ नावाची चपट्या टोकाची वीजतारही लागते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूची उघडी पट्टी बंद करायला विसरू नका, कारण खेड्यातल्या घरात उंदीर तेथून आत शिरतात. त्यांनी तार कुरतडली तर दुरुस्त होते, पण नळी कुरतडली तर दुरुस्ती नाही.

९. पहिल्यांदा सुरू करताना

संगणक सुरू होताच थेट बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि पंपाचा वेग १०० टक्के कायम ठेवा. पंख्यांचा वेग तापमानानुसार बदलू द्या, पंपाचा नको. बायॉसमध्ये तापमान एक-दोन मिनिटांत सतत चढत ८०च्या पुढे गेले, तर पंप चालू नाही किंवा तबकडी नीट टेकलेली नाही, असे समजून लगेच बंद करा.

पहिल्या काही मिनिटांत खळखळ ऐकू आली तर घाबरू नका. कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलवल्यावर हवा रेडिएटरकडे सरकते आणि आवाज थांबतो. दोन-तीन दिवसांनंतरही तो राहिला, तर मात्र रेडिएटरची जागा पुन्हा तपासा. दोन्ही नळ्यांना हात लावून पाहा. प्रवाह चांगला असेल तर दोन्हींमधला फरक वर सांगितल्याप्रमाणे इतका थोडा असतो, की हाताला जवळजवळ सारख्याच वाटतात. एक नळी चटका देणारी आणि दुसरी थंड असेल, तर द्रव अडलेला आहे.

विजेबाबतही येथेच लिहितो. वीज गेली की पंपाबरोबर प्रोसेसरही बंद पडतो, त्यामुळे भारनियमनाने संच बिघडेल ही भीती अनाठायी आहे. व्होल्टेजचे चढउतार मात्र पंपाला आणि पॉवर सप्लायला घातक असतात. पंखे-दिव्यांसाठी घेतलेला साधा इन्व्हर्टर संगणकाला न जोडता शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्या. अर्थिंग तपासून घ्या आणि मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घाला, कारण माती वाळली की अर्थिंग काम करीत नाही.

१०. पुढे कस्टम लूप करणाऱ्यांसाठी: पाण्याचा प्रश्न

मी गेल्या वर्षी दुसऱ्या संगणकावर छोटा लूप जोडला. त्यातल्या द्रवाबद्दलच सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागात सर्वांत मोठी चूक येथेच होऊ शकते. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री काका मला एकदा म्हणाले होते, “भाऊ, रेडिएटरात बोअरचं पानी टाकू नोका, ते आतून खाते.” हेच संगणकाला शंभर पटींनी लागू आहे. घरच्या कूलरचा पंप एका हंगामाअखेर काढून पाहा. जाळीवर आणि पात्यावर चुन्यासारखी कडक पांढरी साल चढलेली असते, ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडावी लागते. तबकडीतल्या केसाएवढ्या खाचांत असे क्षार जमले तर प्रवाह संपलाच. फिल्टरचे पिण्याचे पाणीही चालत नाही, कारण त्यात क्षार कमी झालेले असतात, संपलेले नसतात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या पाण्याचा दर्जा दुकानागणिक बदलतो, म्हणून माझ्या मते ते फार तर नवे भाग धुण्यापुरते वापरावे. नव्या रेडिएटरमध्ये डाख देताना राहिलेला अंश असतो, तो कोमट डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा खळखळून काढावा लागतो. प्रत्यक्ष लूपमध्ये संगणकासाठी तयार मिळणारे कूलंटच भरा. त्यात गंज आणि शेवाळ रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ट्रॅक्टरचे हिरवे कूलंट घट्ट असते, ते वापरू नये.

तांब्याची तबकडी आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच लूपमध्ये जोडू नका. दोन वेगळे धातू एकाच द्रवात आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. अनेक तयार संचांत हे दोन्ही धातू असतात, पण तेथे गंजरोधक द्रवाचे प्रमाण कारखान्यात नेमके राखलेले असते. म्हणूनच तयार संच उघडून त्यात साधे पाणी ‘भर घालण्याचा’ सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

नळ्यांमध्ये पीईटीजी (एक कडक पारदर्शक प्लास्टिक) टाळा. त्या ६० अंशांच्या पुढे नेऊ नयेत, आणि बऱ्याच पंपांची मर्यादाही द्रवासाठी ६० अंशच असते. खोली ४३ अंशांवर आणि द्रव त्याहून १२ अंश जास्त, असे धरले तरी आपण ५५वर पोहोचतो. मऊ नळी घेतल्यास जोडणीही सोपी होते. द्रवाची टाकी पंपाच्या आधी व वर ठेवा, आणि पंप एक क्षणही कोरडा चालवू नका, कारण आतून फिरणारा द्रवच त्याचे वंगण असतो.

भरल्यानंतर प्रत्येक फिटिंगखाली कोरडा टिश्यू कागद ठेवा, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या वीजतारा काढून फक्त पंप २४ तास चालवा. त्यासाठी पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडणीला लावायचा जंपर मिळतो, तोच घ्या. माझ्या लूपमध्ये अठराव्या तासाला एका फिटिंगखाली नाण्याएवढा ओला डाग दिसला. आतली रबरी कडी मुरगळलेली होती. तिसऱ्या तासाला समाधान मानून मी संगणक सुरू केला असता, तर तो थेंब ग्राफिक्स कार्डावर पडला असता. आणि कोणी माठातले किंवा बर्फाचे पाणी फिरवण्याची कल्पना मांडली तर ती पावसाळ्याआधीच सोडून द्या. दमट हवेत नळी भोवतालच्या हवेपेक्षा पुरेशी थंड झाली की तिच्यावर दव जमते, आणि ते मदरबोर्डवर ठिबकते.

११. वर्षभराची देखभाल

आपल्याकडे धुळीचे हंगाम ठरलेले आहेत. सोयाबीन व तूर काढताना थ्रेशरमधून उडणारे कुटार, कापूस घरात आल्यावरचे तंतू आणि मे महिन्यातली वावटळ, या काळात दर पंधरा दिवसांनी रेडिएटर साफ करा, एरवी दोन महिन्यांतून एकदा पुरे. रंगाच्या मऊ ब्रशने आधी वरचा थर मोकळा करा आणि मग ब्लोअरची हवा पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारा. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते जोरात उलटे फिरून बेअरिंग खराब होते. संगणक मोकळ्या ओसरीत नेऊन हे काम केले तर धूळ पुन्हा आत येत नाही.

तयार संचात द्रव भरण्याची गरज नसते. कस्टम लूपचा द्रव साधारण वर्षाने बदलावा आणि तो मार्च संपण्यापूर्वी बदलून घ्यावा, म्हणजे लग्नसराईत संगणक उघडा पडून राहत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच एका कामाच्या वेळी खोलीचे व प्रोसेसरचे तापमान वहीत लिहा. माझा पहिला संच चौथ्या वर्षी कमकुवत होऊ लागला तेव्हा आवाज काहीच आला नव्हता. वहीतला ५२चा फरक आधी ५६ आणि पुढच्या महिन्यात ६१ झाला. रेडिएटर साफ करून, पेस्ट बदलूनही तो खाली आला नाही, तेव्हा मी बिल, खोके आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून वॉरंटीचा अर्ज भरला आणि नवा संच येईपर्यंत, जपून ठेवलेला जुना एअर कूलर बसवून काम चालू ठेवले.